भोजलीचं नाव

माझ्या जाऊबाईच्या चक्कीवर तुम्ही कधी गेलेच, तं एक गोष्ट ध्यानात ठेवा. डबा खाली ठेवायचा, गहू आहे का तांदूळ ते सांगायचं, आणि गप उभं राहायचं. कोणी गडबड केली तं ती चक्कीच बंद करते. म्हणते, "बाप्पा, एवढी घाई आहे तं दुकानातून पाकीट आणून घ्या." भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या भल्याभल्या साहेबायच्या बायका तिच्यासमोर हूं का चूं करत नाहीत. नलू कापगते तिचं नाव. अंगानं काडी, आवाज बारीक, आणि हट्ट विचारूच नका.

मी हिरा, तिची धाकटी जाऊ. माझा नवरा रेल्वेत, बिऱ्हाड आमचं शेजारच्या दुर्ग शहरात, मोहन नगरले. पण नवरा ड्युटीवर गेला का मी ऑटोत बसून चक्कीवर हजर. तोंड माझं फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, मागून कोणी म्हणू नये. जाऊबाई बोलत नाही, म्हणून तिच्या वाटचं मलेच बोलावं लागते. आमच्या घरात असंच ठरलेलं आहे.

तर ही नलू भंडाऱ्याकडच्या लाखनीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन भिलाईले आली, तेव्हा तिले हिंदीचा एक शब्द येत नव्हता. आमचे भासरे, म्हणजे तिचा नवरा देवीदासभाऊ, स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर. शिफ्टवरून आले का काळेठिक्कर, जेवले का झोपले. शेजारच्या क्वार्टरमध्ये कौशल्या साहू राहे. तिचा नवरा भासऱ्यायच्याच गँगमध्ये होता. कौशल्या इथलीच, छत्तीसगढी. ती तिच्या भाषेत बोले, जाऊबाई आपल्या मराठीत, आणि दोघीयले सारं समजे. आजही तसंच चालते. एक विचारते छत्तीसगढीत, दुसरी उत्तर देते मराठीत. ऐकणाऱ्याले वाटते, ह्या भांडून राहिल्या का काय.

मोनू झाला तेव्हा जाऊबाई तापानं फणफणली होती, अंगावर दूध नाही. माहेर दूर, सासू गावाले. कौशल्याची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. तिनं काही विचारलं नाही, मोनूले उचललं आणि पदराखाली घेतलं. असे किती दिवस गेले कोण जाणे. पोट्टा धष्टपुष्ट निघाला. आता रसमड्याच्या फॅक्टरीत सुपरवायझर आहे, पोट सुटलं आहे त्याचं, आणि मी त्याले अजून म्हणते, "हे तुझं पोट कौशल्याच्या दुधाचं आहे, आमचं नाही."

त्याच्या पुढच्या श्रावणात ह्या दोघी भोजली झाल्या.

आता हे समजून घ्या, कारण सारा तमाशा ह्याच्यावरूनच झाला. आमच्या भंडाऱ्याकडे राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजल्या निघतात. टोपलीत गहू पेरायचे, अंधारात ठेवायचे, पिवळेधम्म कोंब आले का डोक्यावर घेऊन तलावात शिरवायचे. इकडे त्यालेच भोजली म्हणतात. पण इकडच्या बायका त्याच्यापुढं आणखी एक काम करतात. ज्या दोघीयचं मन जमलं, त्या एकमेकीच्या कानावर ते कोंब खोसतात आणि भोजली बदतात, म्हणजे मैत्रीची शपथ घेतात. एकदा बदली का जन्मभराचं झालं. मग ती माझी भोजली आणि मी तिची भोजली. तिच्या घरची मयत आपली, तिच्या पोरीचं लग्न आपलं. भेटली का "सीताराम भोजली" म्हणायचं. आणि नाव? नाव घ्यायचं नाही. समोर नाही, पाठीमागं नाही, भांडणात नाही, मेल्यावरही नाही.

नवऱ्याचं नाव आपण उखाण्यात तरी घेऊन टाकतो. हळदीकुंकवाले बायकायनं अडवून धरलं का जाऊबाईही लाजत-लाजत देवीदासरावाचं नाव घेऊन मोकळी होते. भोजलीचं उखाण्यातही नाही. कौशल्याच्या गावच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाऊबाईनं ते बदलं, आणि तेव्हापासून "कौशल्या" हा शब्द तिच्या तोंडून गेला. एकदा टीव्हीवर रामायण चालू होतं, टीनानं, म्हणजे तिच्या नातीनं विचारलं, "आजी, राम की मम्मी का नाम क्या था?" तं म्हणते, "दशरथाची बायको."

मी हसून हसून मेली त्या दिवशी.

पुढं दोघीयनंही हुडकोतच घरं घेतली, दोन गल्ल्या सोडून. कौशल्याचा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन राउरकेल्याले. बाई एकटी. शिलाई मशीनवर ब्लाउज शिवे, गल्लीतल्या पोरीयले शिवण शिकवे. कोणाचं रेशन कार्ड अडलं, कोणाचा खांबावरचा लाइट गेला, का कौशल्या निघाली निगमच्या ऑफिसात. असं करता करता लोकच म्हणाले लागले का दीदी, तुम्हीच पार्षदले, म्हणजे नगरसेवकाले, उभ्या राहा. राहिली. अपक्ष. चिन्हही मिळालं सिलाई मशीन.

आणि समोर कोण? आमचेच चंपतराव हटवार. मराठी मंडळाचे अध्यक्ष, प्लांटमधून रिटायर, देवीदासभाऊंचे जुने दोस्त. गणपतीत माइक हातात आला का सोडत नाहीत. माणूस वाईट नाही, पण मोठेपणाची भारी हौस. त्यांचं चिन्ह शिट्टी. आता चिन्ह शिट्टी आहे म्हणल्यावर त्यांच्या पोट्ट्यायनं काय केलं असन? पोतंभर शिट्ट्या आणल्या आणि दिवसभर फुंकत फिरले. हुडकोतले कुत्रेसुद्धा वैतागले.

झालं असं. कौशल्याचा बायकांचा मोर्चा बाजारातून निघाला. कौशल्या स्वतः पुढच्या गल्लीत गेली होती, मागं बायका आणि पोरी. चक्कीसमोर चंपतरावाचे पोट्टे उभे. बायका दिसल्या तशा ह्यांनी शिट्ट्या मारल्या. बरं, प्रचाराची शिट्टी आणि बाईले पाहून मारलेली शिट्टी, ह्यात फरक असते ना? कोणत्याही बाईले विचारा, ती डोळे मिटून सांगन. काही पोट्ट्यायनं प्रचाराची मारली असन, पण काहीयनं दुसरीच मारली, मी तिथंच होती, मी ऐकली. वरून एक जण ओरडला, "काली मशीन चली!" दुसरा म्हणे, "जाओ, घर जा के रोटी बनाओ!"

मग काय विचारता. कौशल्याकडचे पोट्टेही धावले. "परदेसिया! नागपूर वापस जाओ!" अरे बाबांनो, नागपूर आम्ही ट्रेनमधून पाह्यलेलं, आमच्या पोरायचा जन्म इथं, आमच्या म्हाताऱ्यायनं प्लांटच्या भट्टीत हाडं शेकली, आणि आम्ही वापस कुठं जावं? बरं, त्यांच्यातलाच एक पोट्टा चंपतरावाच्या प्रचारातल्या एका पोरीले असं काही बोलला का ते मी इथं सांगतही नाही. म्हणजे बाईचा मान त्यांनाही नाही आणि यांनाही नाही. पण दोन्हीकडचे छाती काढून ओरडून राहिले. हे म्हणतात तुम्ही बाईचा अपमान केला, ते म्हणतात तुम्ही आमच्या समाजाचा अपमान केला. हे म्हणतात तुम्ही रंगावरून बोलले, ते म्हणतात तुम्ही परदेसिया म्हणलं. दोन्हीयचं खरं होतं, आणि आपलं काय चुकलं हे दोन्हीकडं कोणी पाहून राहिलं नव्हतं. सारे फोन वर धरून उभे.

त्यात हा मोहित. रायपूरवरून आणलेला, कौशल्याचा प्रचार पाहणारा. दाढी कोरलेली, फोन सेल्फीच्या काडीवर लावलेला. कोणीतरी त्याले सांगतलं होतं का निवडणूक आता फोनवरच जिंकतात. तो सरळ चक्कीत घुसला. जाऊबाई कोणाचं तरी चिल्याचं, म्हणजे धिरड्याचं, पीठ दळून राहिली होती, तांदळाच्या पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आंटीजी, आपने देखा ना? अपमान हुआ कि नहीं?"

"हुआ," जाऊबाई म्हणली. "बहुत गलत हुआ."

"तो बोलिए ना, मैं कौशल्या साहू के साथ हूँ. एक बार नाम लेके बोलिए."

जाऊबाईनं त्याच्याकडे पाह्यलं, जसा काही त्यानं तिले पदर काढाले सांगतला. म्हणली, "नाम नहीं लेती मैं उसका." आणि चक्की चालू केली.

संध्याकाळपर्यंत ते साऱ्या वॉर्डात फिरलं. पण कसं? पहिलं वाक्य गायब. फक्त पांढऱ्या भुवयाची एक बाई तोंड फिरवून म्हणते, नाम नहीं लेती मैं उसका, आणि घर्रर्र. खाली मोहितनं लिहिलेलं, बघा ह्या लोकायच्या मनात किती विष आहे, आमच्या छत्तीसगढिया बहिणीचं नावसुद्धा घेववत नाही ह्यांना. पहिलं वाक्य चक्कीच्या आवाजात गेलं का त्यानं कापलं, देव जाणे. मले तं कापलंच वाटते.

दुसऱ्या दिवशी चक्कीच्या शटरवर कागद चिकटवलेला, "परदेसिया चक्की का बहिष्कार". छेरछेऱ्याचा सण तोंडावर, तांदूळ दळाले रांग लागायची ते दिवस, आणि ओट्यावर एक डबा नाही. मी तो कागद फाडला, चुरगळला आणि शेजारच्या पानठेल्यावर बसलेल्या पोट्ट्याच्या अंगावर फेकला. त्यानं लावला होता का नाही माहीत नाही. पण हसून राहिला होता, म्हणून फेकला.

हे एक झालं. दुसरं ह्याच्यापेक्षाही वाईट झालं. चंपतरावाच्या लोकायले आनंद झाला! त्यांनी तेच व्हिडिओ आपल्या ग्रुपवर टाकलं, वर भगवा फेटा बांधलेलं चित्र, खाली "आमची वाघीण". आणि दुपारी चंपतराव स्वतः आले, मागं मंडळाचे चार लोक, हातात शाल आणि नारळ.

"नलूवहिनी," चंपतराव म्हणते, "मंडळातर्फे तुमचा सत्कार. तुम्ही काल जे दाखवलं ना, त्याले म्हणतात बाणा."

देवीदासभाऊ बापडे खुर्ची शोधाले लागले. त्यांना दोस्तही पाहिजे आणि बायकोही. जाऊबाई उभीच्या उभी.

"कशाचा सत्कार?" तिनं विचारलं.

"नाव नाही घेतलं ना तुम्ही तिचं!"

जाऊबाईच्या डोळ्यात पाणी आलं. मी लग्न होऊन आली तेव्हापासून हिले पाहून राहिली, सासूच्या बोलण्यावर नाही रडली ही बाई. ती आत गेली. मग मीच तोंड उघडलं. म्हणली, "चंपतभाऊ, तुमच्या पोट्ट्यायनं भर बाजारात एका बाईले काळी म्हणलं, रोटी बनव म्हणलं. आणि शाल आमच्या बाईले? आधी त्या पोट्ट्यायचे कान पकडा. बाईच्या हातात वॉर्ड नको म्हणता, आणि मंडळाच्या महाप्रसादाचा भंडारा कोण रांधते? तुम्ही का?"

"हिराबाई, तुम्ही चिडून राहिल्या."

"चिडूनच राहिली! नारळ देवाजवळ ठेवा, त्यानं काही केलं नाही. शाल घेऊन जा."

गेले. नारळाची चटणी केली आम्ही दुसऱ्या दिवशी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सारं होऊन राहिलं तं बाईनं सांगून का नाही दिलं का ती माझी भोजली आहे? मीही तेच म्हणलं. मोनूनं रसमड्यावरून फोन केला, "आई, एक व्हिडिओ बना दे ना, खतम बात." देवीदासभाऊ म्हणले, सांगून दे. जाऊबाई सुपात तीळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणली, "मी भोजली काय मतासाठी बदली होती? आज सांगितलं तं उद्या तो मोहित तेही काडीवर लावून फिरवन. चंपतराव म्हणतील फितूर झाली. आमचं आहे ते आमच्यात राहू द्या."

"आणि लोक शिव्या देऊन राहिले ते?"

"देऊ दे. लोकायचं काय." मग विचारलं, "हिरा, तिनं पाह्यलं असन ना वो ते?"

तेव्हा मले कळलं हिचा जीव कुठं अडकला आहे ते. चक्की रिकामी, त्याचं काही नाही. वाघीण म्हणलं का विषारी म्हणलं, त्याचंही काही नाही. कौशल्यानं ते पाह्यलं, आणि पाहून तिलेही तसंच वाटलं का, एवढंच. आणि खरं सांगू का, मलेही भीती वाटून राहिली होती. कारण कौशल्या आलीच नाही. एरवी दिवसाआड चहाले येणारी बाई, फॉर्म भरल्यापासून ह्या गल्लीत फिरकली नाही. साऱ्या हुडकोत घरोघर हात जोडून आली, फक्त नलूचं दार सोडून. मी फोन लावला तं मोहितनं उचलला. "दीदी मीटिंग में हैं." दुसऱ्यांदा लावला, तरी तेच. खुर्ची भल्याभल्यायले बदलते, मी मनात म्हणलं. जाऊबाईले नाही सांगितलं.

संक्रांत आली. दर संक्रांतीले जाऊबाईचा तीळलाडवाचा पहिला डबा भोजलीकडं जाते. देवाले दाखवला का सरळ तिकडं, घरच्यायले मागून. त्या दिवशी सकाळपासून डबा भरून ओट्यावर ठेवलेला आणि ही त्याच्याकडं पाहून राहिलेली. शेवटी मी म्हणली, "जाऊबाई, चला. दारात उभी नाही केली तं वापस येऊ, रस्त्यात मी खाऊन टाकीन."

गेलो. कौशल्याच्या घराले कुलूप. शेजारीण म्हणली, प्रचाराचा शेवटचा दिवस आहे, टाकीजवळच्या मैदानात सभा आहे. मले वाटलं आता ही घरी परतन. पण जाऊबाईनं पदर खोचला, डबा छातीशी धरला आणि मैदानाकडं चालाले लागली. मी मागं-मागं.

सभा भरलेली. बायका सतरंजीवर, पोट्टे मागं उभे. स्टेजवर कौशल्या, हातात माइक, गळ्यात झेंडूची माळ, वाळून गेली होती बिचारी. आम्ही कडेकडेनं पुढं जाऊन राहिलो तं मागून कोणीतरी ओरडलं, "अरे ये तो वही है! नाम नहीं लेती वाली!"

सारी सभा मागं वळली. बायकायनं अंग चोरून आमाले वाट दिली, जसं काही आमाले गोवर झाला. पोट्टे हुर्यो कराले लागले. मोहित स्टेजवर चढला आणि कौशल्याच्या कानाशी लागला, पण माइक चालूच होता, म्हणून आम्हा साऱ्यायले ऐकू आलं. "दीदी, मौका है. इसका नाम लेके जवाब दीजिए. आज पूरा शहर देखेगा."

खालून पोट्ट्यायनं धरलं, "नाम लो! नाम लो!" टाळ्या वाजवत, ठेक्यात. जाऊबाई मधोमध उभी, डबा हातात. मी तिचा दंड पकडला. मनात ठरवलं, ही कौशल्या आता हिच्याविरुद्ध एक शब्द बोलली ना, तं स्टेजवर चढून तिची माळ ओढीन, मग पोलीस येऊ द्या नाहीतर कोणी येऊ द्या.

कौशल्यानं माइक तोंडाजवळ नेला. आमच्याकडं पाह्यलं. आणि म्हणली, "येकर नाव तो महूँ नइ लेवँव."

हिचं नाव तं मीही घेत नाही.

पोट्टे पहिले खुश झाले, शिट्ट्या मारल्या. मग त्यांच्या लक्षात आलं का सतरंजीवरच्या म्हाताऱ्या हसून राहिल्या आहेत. एकीनं तोंडाले पदर लावला. दुसरीनं कपाळावर हात मारला आणि आपल्या नातवाले जवळ ओढून त्याच्या कानात काही सांगाले लागली. तोवर कौशल्या स्टेजवरून उतरली होती. माइक तिच्या हातातच राहिला, वायर मागं ओढत आली. समोर उभी राहिली. दोन्ही हात जोडले.

"सीताराम भोजली."

जाऊबाईनं डबा तेवढा पुढं केला. कौशल्यानं झाकण उघडलं, एक लाडू अर्धा केला, अर्धा तिच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. मग कुठं जाऊबाई बोलली, बारीक आवाजात, पण माइक होता ना, साऱ्या मैदानात गेलं. "सीताराम भोजली. किती वाळली वो तू."

मी रडली. सरळ सांगते, हमसून हमसून रडली, आणि रडता रडता त्या मोहितले म्हणली, "आता घे ना व्हिडिओ! आता का हात खाली गेला?"

त्यानं फोन खिशात टाकला. मग बऱ्याच वेळानं आमच्याजवळ आला, तं जाऊबाईनं त्यालेही लाडू दिला. मी नसता दिला.

कौशल्यानं माइकवर दोनच गोष्टी सांगितल्या, मी इथं मराठीत सांगते. एक, माझ्या सभेत कोणी कोणाले परदेसिया म्हणायचं नाही, माझ्या भोजलीच्या पोराले मी दूध पाजलं आहे, तो परदेसिया तं मी कोण? आणि दुसरी, ज्यानं त्या दिवशी चंपतभाऊच्या प्रचारातल्या पोरीले घाण बोललं, त्यानं माझ्यासाठी मत मागू नये, मले ते मत नको. एवढं बोलून सभा संपली. हारतुरे राहूनच गेले. संध्याकाळी चंपतरावाले कोणी तरी सारं सांगितलं असन. त्यांनी ते वाघिणीचं चित्र काढून टाकलं, आणि रोटी बनाओ म्हणणाऱ्या पोट्ट्याले घेऊन दुसऱ्या दिवशी कौशल्याच्या दारात गेले म्हणे. माफी मागितली का नुसते चहा पिऊन आले, मी तिथं नव्हती. पण गेले, हे खरं.

छेरछेऱ्याले चक्कीवर एवढी रांग लागली का मलेच डबे उचलावे लागले. बहिष्काराच्या कागदाचं कोणी नावही काढलं नाही. त्या पानठेल्यावरच्या पोट्ट्याची आई आली, तिचे तांदूळ मी मुद्दाम सर्वात शेवटी दळू दिले.

मतदान झालं. निकाल लागला. कौशल्या हरली.

थोडक्यात हरली, पण हरली. चंपतराव निवडून आले. ढोल, गुलाल, शिट्ट्या, काय विचारता. देवीदासभाऊ गुलाल लावून घरी आले, आणि बायकोचं तोंड पाहून मोरीत जाऊन धुऊन आले.

मी जाऊबाईजवळ स्वयंपाकघरात बसली होती. दार वाजलं नाही, सरळ उघडलं. कौशल्या. मोजणीच्या ठिकाणावरून निघाली ती स्वतःच्या घरी न जाता इकडं आली होती. बाहेर लोकायसमोर हसून हात जोडून आली असन, साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. आत आली, ओट्याले पाठ लावून फरशीवर बसली.

"चाय पियाबे, भोजली?" म्हणली, आणि रडाले लागली.

जाऊबाईनं चहा ठेवला. आलं ठेचलं, साखर जास्त घातली, तिले गोड लागते म्हणून. दोघी कप घेऊन बसल्या. मी गप. हो, मीसुद्धा.

मग जाऊबाईनंच विचारलं, इतके दिवस मनात ठेवलेलं. "साऱ्यायच्या दारी गेली तू. माझ्याच दारी कावून नाही आली?"

कौशल्यानं नाक पुसलं, आणि छत्तीसगढीतच बोलली, मी मराठी करून सांगते. म्हणली, "भोजलीच्या दारी मत मागाले येऊ? लाज नाही वाटणार मले? हो म्हणायची पाळी आणू तुझ्यावर, का नाही म्हणायची?"

"आणि ते व्हिडिओ?"

"पाह्यलं ना. हसली मी. मले वाटलं साऱ्यायले समजलं असन." मग कपाकडं पाहत म्हणली, "मी आजही नाही विचारत, कोणाले दिलं ते. चंपतभाऊ तुमच्या घरचे. मले वाईट नाही वाटणार."

बाहेर पुन्हा ढोल वाजाले लागले होते. जाऊबाईनं तिच्या कपात आपल्या कपातला अर्धा चहा ओतला.

"भोजली," ती म्हणली, "नाव तं मले घेता येत नाही. बटण दाबता येते ना."